फाटकाच्या हिशेबात पायी माणूस

रेल्वेचं एखादं फाटक किती महत्त्वाचं आहे, हे ठरवायला रेल्वे खात्याकडे एक आकडा असतो. त्याला टीव्हीयू म्हणतात, म्हणजे ट्रेन व्हेइकल युनिट. फाटकावरून चोवीस तासांत किती रेल्वेगाड्या गेल्या आणि रस्त्याने किती वाहनं गेली हे मोजायचं, आणि दोन्हींचा गुणाकार करायचा. ट्रक, बस, मोटार यांना प्रत्येकी एक युनिट. बैलगाडीला आणि टांग्यालाही एकच. ऑटोरिक्षा आणि सायकलरिक्षा यांना अर्धं. फाटक सिग्नलला जोडायचं का, उड्डाणपुलाचा खर्च रेल्वे आणि राज्य सरकारने वाटून घ्यावा इतकी तिथे वर्दळ आहे का, असे निर्णय मुख्यतः या गुणाकारावर होत आले. उड्डाणपुलासाठी १ लाख टीव्हीयूची रेषा वर्षानुवर्षं धरली गेली.

या मोजणीत पायी माणूस नाही. समजा, एका फाटकावरून दिवसाला ६० गाड्या आणि २०० वाहनं जातात. टीव्हीयू झाला १२,०००. आता त्याच फाटकावरून शाळेची ४०० पोरं रोज ये-जा करू लागली, निंदणाला जाणाऱ्या दीडशे बाया सकाळ-संध्याकाळ रूळ ओलांडू लागल्या, तरी आकडा १२,००० च राहतो. गुरांच्या वाटेसाठी मात्र नियमपुस्तकात ‘डी’ असा वेगळा वर्ग आहे. रुळावर जीव जातो तो बहुतेक पायी माणसाचा, आणि कागदावर त्याचं वजन शून्य. पादचाऱ्यांच्या सुरक्षिततेसाठी लोकांनी जिथे जिथे काही केलं, तिथे खरी झटापट या शून्याशी झाली आहे असं मला वाटतं. ‘सावध राहा’ म्हणणाऱ्या फलकांनी ती सुटलेली नाही.

इंझोरीच्या वाचकाला वाटेल, आपला याच्याशी काय संबंध? मानोरा तालुक्यातलं हे गाव काही स्टेशनचं गाव नव्हे. पण बाजाराला, दवाखान्याला, कॉलेजला, कामाला माणूस बाहेर पडला की रूळ लागतातच. वाशिमला गेलं की अकोला-पूर्णा मार्ग, मूर्तिजापूरला गेलं की मुंबई-हावडा हा देशातल्या अतिशय वर्दळीच्या मार्गांपैकी एक. कारंज्यात ‘शकुंतला’चा अरुंद रूळ, ज्यावरून आता गाडी जात नाही. याच भागातला माणूस पुढे मजुरीला नाहीतर नोकरीला मुंबई-पुण्याकडे जातो आणि तिथल्या रुळांशी त्याची गाठ पडते. जाताना तो आपली नजर सोबत नेतो. ती नजर कुठल्या गाडीवर तयार झाली, याला महत्त्व आहे.

शकुंतला म्हणजे मूर्तिजापूर-यवतमाळ ही ११३ किलोमीटरची नॅरोगेज. वऱ्हाडचा कापूस बाहेर काढायला किलिक-निक्सन या ब्रिटिश कंपनीने विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत ती उभी केली. मूर्तिजापूर-अचलपूर हा तिचाच ७६ किलोमीटरचा फाटा. रुळांमधलं अंतर अडीच फूट. वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत चाललं, मग डिझेल आलं, तरी वेग ताशी २० किलोमीटरच्या आसपासच राहिला. तिकीट देण्यापासून इंजिन जोडण्यापर्यंत सगळी कामं गाडीवरचीच मोजकी माणसं करायची. अशा गाडीसमोरून रूळ ओलांडणं म्हणजे रस्त्यातून सायकल येताना बाजूला होण्यासारखं. गाडी दिसली तरी माणूस निवांत असे, आणि त्याचं ते वागणं चूकही नव्हतं.

मोठ्या मार्गावर मात्र हा अंदाज साफ चुकतो. ताशी ११० किलोमीटर म्हणजे सेकंदाला साधारण ३० मीटर. दोन रूळजोड्या ओलांडायच्या तर अलीकडचं-पलीकडचं सुरक्षित अंतर धरून १० मीटर चालावं लागतं. धडधाकट माणूस सेकंदाला सव्वा मीटर चालतो, म्हणजे त्याला ८ सेकंद लागतात. तेवढ्यात गाडी २४० मीटर पुढे आलेली असते. डोक्यावर कडब्याचा भारा असेल, हातात लेकरू असेल, तर १२-१३ सेकंद लागतात आणि हे अंतर ४०० मीटरजवळ जातं. वळण असेल, रुळाकडेला बाभळी वाढलेल्या असतील, धुकं असेल, तर ४०० मीटरवरची गाडी दिसतच नाही. ड्रायव्हरने आपत्कालीन ब्रेक मारला तरी अशी गाडी थांबायला जवळपास एक किलोमीटर घेते. म्हणून इंजिनात बसलेल्या माणसाला दोष देण्यात काही अर्थ नसतो. त्याच्या हातात शिटी असते, तेवढीच. फाटकाच्या अलीकडे रुळालगत ‘सी/फा’ लिहिलेला पिवळा फलक असतो, त्याचा अर्थ ‘सीटी, फाटक’. तो फलक इंजिन चालवणाऱ्यासाठी आहे. पण गावातल्या पोरांना तो कुठे आहे हे ठाऊक असेल, तर शिटी ऐकल्यावर गाडी किती जवळ आली याचा अंदाज त्यांनाही बांधता येतो.

डोळे इथे आणखी एक दगा देतात. हर्शेल लायबोविट्झ या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९८५ मध्ये मांडलं की मोठी वस्तू तिच्या खऱ्या वेगापेक्षा हळू चाललेली भासते. विमान उतरताना तरंगत आल्यासारखं वाटतं, ते याचमुळे. त्यात गाडी समोरून, थेट आपल्याच दिशेने येत असते. लांब असताना तिचा आकार डोळ्यात फारसा वाढत नाही, आणि जवळ आल्यावर एकदम फुगतो. तोवर पाय रुळात असतो. म्हणजे ‘गाडी दिसत होती तरी गेला’ असं आपण हळहळून म्हणतो, तेव्हा त्या माणसाला गाडी खरंच दिसत असते. तिचा वेग दिसत नसतो.

हे सगळं लक्षात घेऊन केलेला आपल्याकडचा सर्वांत गाजलेला प्रयोग मुंबईत हार्बर मार्गावरच्या वडाळ्यात झाला. फायनलमाइल या मानवी वर्तनाचा अभ्यास करणाऱ्या मुंबईतल्या संस्थेने मध्य रेल्वेबरोबर २००९-१० च्या सुमारास तो केला. त्यांनी तिथे भिंत बांधली नाही, दंड वाढवला नाही. लोक जिथून ओलांडतात तिथले काही स्लीपर ठरावीक अंतराने पिवळे रंगवले. गाडी एकामागून एक पिवळे पट्टे गिळत येताना दिसली की तिचा वेग डोळ्यांना मोजता येतो. दुसरं, शिटी. सलग लांब शिटीऐवजी दोन तुटक शिट्ट्या, मध्ये क्षणभर शांतता. कानाला सलग आवाजाची सवय होते, पण खंड पडला की मेंदू दचकतो. तिसरं, फलक. ‘रूळ ओलांडणे गुन्हा आहे’ या जुन्या वाक्याजागी गाडीखाली सापडत असलेल्या माणसाचा भेदरलेला चेहरा, तीन मोठ्या छायाचित्रांत. चेहरा अभिनेत्याचा, पण भीती ओळखता येण्यासारखी. वडाळ्यातले मृत्यू पुढच्या काळात निम्म्याहूनही खाली आल्याचं त्या वेळी प्रसिद्ध झालं आणि मग ही युक्ती इतर स्थानकांकडेही गेली. सगळं श्रेय रंगाला द्यावं असं मी म्हणणार नाही. पण माणसाला मूर्ख न समजता त्याच्या डोळ्यांचा आणि कानांचा विचार करून काही केलं गेलं, हे दुर्मीळ होतं.

मुंबईचे आकडे पाहिले की या सगळ्याची निकड कळते. डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालच्या उच्चस्तरीय समितीने फेब्रुवारी २०१२ मध्ये रेल्वे सुरक्षिततेवर अहवाल दिला. रूळ ओलांडताना किंवा रुळांवर आल्यामुळे देशात वर्षाला सुमारे १५,००० माणसं मरतात आणि त्यातली जवळपास ६,००० मुंबईच्या उपनगरी मार्गांवर, असा त्या अहवालातला अंदाज. समितीने या प्रकाराला सरळ कत्तल म्हटलं आणि देशभरची सगळी फाटकं पाच वर्षांत हटवायला सांगितलं. त्यासाठीचा खर्च ५०,००० कोटी रुपयांच्या घरात सांगितला होता. त्यानंतर आकडे उतरले, तरी २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षांत मुंबई उपनगरी रेल्वेवर अडीच हजारांच्या आसपास माणसं गेली, आणि त्यातला सर्वांत मोठा वाटा रूळ ओलांडणाऱ्यांचा होता.

हे आकडे बाहेर आले ते बऱ्याच अंशी लोकांनी मागितले म्हणून. माहिती अधिकाराचे कार्यकर्ते समीर झवेरी यांनी १९८९ मध्ये रेल्वे अपघातात दोन्ही पाय गमावले. नंतरची कित्येक वर्षं त्यांनी रेल्वे पोलिसांकडून मृत आणि जखमींची आकडेवारी काढून ती प्रसिद्ध करण्यात, आणि स्थानकांवर तातडीची वैद्यकीय मदत मिळावी म्हणून उच्च न्यायालयात जाण्यात घालवली. स्थानकांवरचे आपत्कालीन वैद्यकीय कक्ष हे अशाच याचिकांचं फळ. ठाणे-कल्याण पट्ट्यातल्या प्रवासी संघटना पादचारी पूल, सरकते जिने, कुंपण आणि फाटकाच्या जागी पूल यांसाठी निवेदनं देत राहिल्या. मुंबई रेल्वेच्या एमयूटीपी-३ या प्रकल्पात रूळ ओलांडणं रोखण्याच्या कामांसाठी ५५१ कोटींचं वेगळं कलम आलं, त्यामागे हीच आकडेवारी आणि हाच रेटा होता असं म्हणायला जागा आहे.

पण नुसतं कुंपण घालून भागत नाही. भिंतीला भगदाड पडतं आणि ते बुजवलं की दोन दिवसांत शेजारी दुसरं पडतं. पोलिस त्यातून रुळांवर जाणाऱ्याला रेल्वे कायद्याच्या १४७ व्या कलमाखाली धरू शकतात, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड. तरी भगदाड पडतंच, कारण ते सहसा वाट जिथे होती तिथेच पडतं. रूळ नंतर आले, नाहीतर वस्ती नंतर वाढली, आणि घर एका बाजूला व पाणी, शाळा, बाजार दुसऱ्या बाजूला राहिला.

त्यावर उपाय म्हणून पूल येतो, तो कोणासाठी आखलेला असतो ते पाहा. विजेच्या तारांखालून गाडी जायला रुळांपासून सहा-साडेसहा मीटर मोकळी उंची लागते. तुळयांची जाडी धरली की वाहनांच्या पुलाचा माथा आठ मीटरवर जातो. ३० मीटर चालल्यावर एक मीटर चढ असा उतार ठेवला, तर प्रत्येक बाजूला २४० मीटरचा चढ. दहा मीटरचा रूळ ओलांडायला पायी माणसाने जवळपास अर्धा किलोमीटर चालायचं, तेही ट्रकच्या बाजूने, बहुधा पदपथाशिवाय. पादचारी पूल असेल तर चाळीस-पंचेचाळीस पायऱ्या वर, तेवढ्याच खाली. गुडघे दुखणाऱ्या आजीला, गर्भार बाईला, भाजीची पाटी घेतलेल्या माणसाला हा हिशेब परवडत नाही. महारेल ही राज्य आणि रेल्वे यांची कंपनी फाटकमुक्त महाराष्ट्राची घोषणा करून उड्डाणपूल बांधते आहे, ते उत्तमच आहे. वाहनांची रांग त्याने खरोखर सुटते. पण फाटक उठलं की पायी माणसाचा हक्काचा रस्ता उठतो, आणि पूल त्याचा नसेल तर तो पूर्वीच्याच जागेवरून, आता गेटमनशिवाय, ओलांडतो. मुंबईत विक्रोळीचं फाटक बंद होऊन कितीतरी वर्षं गेल्यावर १४ जून २०२५ रोजी तिथला उड्डाणपूल खुला झाला. मधल्या काळाची तजवीज हा वेगळाच प्रश्न असतो, आणि त्याचं उत्तर आराखड्यात सहसा नसतं.

लोकांची मागणी असूनही पूल न झाल्याची किंमत मुंबईने एकदा फार वाईट मोजली. एल्फिन्स्टन रोड स्थानकाचा जिना अपुरा पडतो, असं प्रवासी वर्षानुवर्षं सांगत होते. २९ सप्टेंबर २०१७ रोजी तिथल्या चेंगराचेंगरीत २३ जण गेले. त्यानंतर लष्कराला बोलावलं गेलं आणि फेब्रुवारी २०१८ च्या अखेरीस एल्फिन्स्टन, करी रोड आणि आंबिवली इथले तीन पादचारी पूल खुले झाले. ठरवलं तर पूल पाच महिन्यांत उभा राहतो, हे त्यानिमित्ताने सर्वांना कळलं.

खेड्यांकडची गोष्ट निराळी आहे. इथे भीती होती ती माणूस नसलेल्या फाटकाची. ३ फेब्रुवारी २००५ रोजी नागपूर जिल्ह्यात कन्हानजवळ लग्नाच्या वऱ्हाडाची ट्रॅक्टर-ट्रॉली अशाच ठिकाणी रेल्वेखाली आली आणि पन्नासहून अधिक माणसं गेली. मोटार वाहन कायद्याचं १३१ वं कलम सांगतं की अशा फाटकाशी वाहन थांबवायचं, सोबतच्या माणसाने खाली उतरून दोन्हीकडे पाहून यायचं आणि मगच पुढे जायचं. कोण करतो? रेल्वेने मध्यंतरी ‘गेटमित्र’ नेमले. बहुतेक जवळच्या गावातलाच माणूस, गाडी यायच्या वेळी लोकांना थोपवणारा. त्याच्या हातात अडसर नसे, अधिकारही नसे. गावातला ओळखीचा माणूस म्हणून लोक जेवढं ऐकतील तेवढंच. शेवटी जानेवारी २०१९ पर्यंत ब्रॉडगेजवरची मानवरहित फाटकं संपवण्यात आली. काहींवर गेटमन आला, काही बंद झाली, आणि बऱ्याच ठिकाणी रुळाखालून बोगदा आला.

बोगद्याचं दुखणं वऱ्हाडात कोणाला सांगायला नको. काळ्या मातीत पाणी मुरत नाही. रुळाखालची काँक्रीटची पेटी आजूबाजूच्या शिवारापेक्षा खोल असते, आणि आषाढात तिचं तळं होतं. शेतकऱ्याची बैलजोडी अडते, शाळेची पोरं मग वरून, रुळांवरून जातात. म्हणजे ज्या धोक्यासाठी बोगदा केला, तो पावसाळ्याचे चार महिने जसाच्या तसा. याला उपाय आहेत, आणि ते अवघडही नाहीत. उताराच्या तोंडाशी पाणी अडवणारा उंचवटा, उतारावर पत्र्याचं छप्पर, पाणी नाल्यापर्यंत नेणारी चर, तेवढा उतार नसेल तर खड्डा आणि पंप, आणि कडेने पायी माणसासाठी हातभर उंच कट्टा. पण हे काम आराखड्यात बसवावं लागतं. बोगदा झाल्यावर निवेदन दिलं तर पंप येतो, आणि पंप चालवायचा कोणी, या वादात पावसाळा निघून जातो.

छोट्या गावांतला आणखी एक धोका फाटकाशी संबंधित नाही, तरी इथेच सांगावा. स्टेशनात मालगाडी तासभर उभी असते आणि माणसं डब्यांखालून, जोडणीवरून पलीकडे जातात. डब्यांच्या जोडणीत थोडी ढील असते. इंजिन हललं की झटका एकेक डबा करत मागे येतो. शेवटच्या डब्याशी असलेल्या माणसाला इंजिनाची शिटी ऐकूही आलेली नसते. आणि उभ्या गाडीच्या पलीकडून निघालेला माणूस थेट दुसऱ्या रुळावर उतरतो, तिथे काय येतंय हे त्याला त्या क्षणापर्यंत दिसत नाही.

ही दुसऱ्या गाडीची गोष्ट इंग्लंडमधल्या एल्सनम या लहानशा स्टेशनावर फार ठसठशीतपणे पुढे आली. ३ डिसेंबर २००५ रोजी तिथे दोन शाळकरी मुली पादचारी फाटकातून निघाल्या. एक गाडी येणार हे त्यांना ठाऊक होतं. दुसरी आली. सुरुवातीला ठपका मुलींवरच आला. पण त्यांच्या आईवडिलांनी पाठ सोडली नाही. तिथला धोका रेल्वेच्या माणसांनी आधीच कागदावर नोंदवला होता आणि ती कागदपत्रं चौकशीत पुढे आली नव्हती, हे काही वर्षांनी उघड झालं. २०१२ मध्ये नेटवर्क रेल या कंपनीला १० लाख पौंड दंड झाला. तोवर स्टेशनावर पूलही झाला होता. कागद मागत राहणं हे तिथलं मुख्य काम होतं.

जनजागृतीचं मोल कमी करण्याचा माझा हेतू नाही. अमेरिकेत आयडाहो राज्यात १९७२ मध्ये ऑपरेशन लाइफसेव्हर ही मोहीम झाली, आणि त्या वर्षी फाटकांवरचे मृत्यू ४३ टक्क्यांनी घटले. पश्चिम रेल्वेने २०१९ मध्ये रूळ ओलांडणाऱ्यांना उचलून नेणारा यमराज उभा केला, त्याचीही चर्चा भरपूर झाली. पण मे २०२० मध्ये जालन्याहून रुळांच्या कडेने पायी निघालेले मजूर करमाडजवळ रुळांवरच झोपले, आणि १६ जण मालगाडीखाली गेले. टाळेबंदीत गाड्या बंद आहेत असा त्यांचा समज होता. रूळ हा त्यांना ठाऊक असलेला सरळ रस्ता होता. तिथे यमराज कोणाला काय सांगणार?

मग गावाने करायचं काय? पहिलं, मोजायचं. रेल्वे वाहनं मोजते, तेव्हा गावाने माणसं मोजावीत. शाळेच्या मास्तरांच्या मदतीने दहावीच्या पोरांनी फाटकाशी बसून सकाळी सहा ते रात्री आठ, तासागणिक पायी किती, डोक्यावर ओझं किती जणांच्या, म्हातारी माणसं किती, मुलं किती, हे एका आठवड्याच्या वहीत उतरवलं, तर निवेदनापेक्षा ती वही जड पडते. एक आठवडा पेरणीतला आणि एक कापूस वेचणीतला घ्यावा, कारण दोन्ही हंगामांची वर्दळ सारखी नसते. दुसरं, पत्ता बरोबर लिहायचा. वाशिम स्टेशन दक्षिण मध्य रेल्वेच्या नांदेड विभागात, तर मूर्तिजापूर आणि कारंजा मध्य रेल्वेच्या भुसावळ विभागात. एकाच जिल्ह्यातल्या माणसाला दोन वेगवेगळ्या रेल्वे. चुकीच्या कार्यालयात गेलेलं पत्र फिरत राहतं. तिसरं, फाटक बंद करताना रेल्वेला जिल्हा प्रशासनाची संमती घ्यावी लागते. ग्रामसभेचा ठराव त्या संमतीच्या आधी जिल्हाधिकाऱ्यांकडे पोचला, तर पायवाट, कट्टा, दिवा, पाण्याचा निचरा या अटी त्यात घालता येतात. नंतर पोचला तर त्याची पोच मिळते.

या भागात हे सगळं लवकरच उपयोगी पडण्यासारखं आहे. वर्धा-यवतमाळ-नांदेड या नव्या ब्रॉडगेजचा वर्धा ते कळंब हा तुकडा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला, आणि पुढचा मार्ग दारव्हा, दिग्रस, पुसदवरून जायचा आहे. नव्या मार्गांवर जमिनीवरचं फाटक ठेवतच नाहीत, वर पूल नाहीतर खाली बोगदा. शकुंतलाच्या रुंदीकरणाची घोषणाही २०१६ मध्ये झालेली आहे. ते प्रत्यक्षात आलं तर ताशी वीसच्या गाडीची सवय असलेल्या शिवारांतून शंभराच्या वर धावणारी, विजेवरची, डिझेलपेक्षा कमी आवाजाची गाडी जाऊ लागेल. आणि बोगदे कुठे येणार, हे मोजणीच्या वेळी ठरेल. मोजणी करणाऱ्याच्या नकाशावर डांबरी रस्ता असतो. पांदण असतेच असं नाही, आणि धुऱ्यावरून गेलेली पायवाट तर कधीच नसते. गाव नकाशाची प्रत भूमी अभिलेख कार्यालयात मिळते. तिच्यावर पांदणी, पायवाटा, शाळा, पाणवठा आणि स्मशानभूमी ठळक करून तो नकाशा ठरावाला जोडायचा. ग्रामसभेच्या पारंपरिक तारखा १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि २६ जानेवारी अशा आहेत, आणि विषयपत्रिकेत हा विषय घ्या म्हणून ग्रामपंचायतीकडे अर्ज सभेच्या आधी द्यावा लागतो.